नाव आर्टेमिसचं, मग नियमही तिचाच हवा

ग्रीसमध्ये ऑलिम्पियाजवळ स्किलस नावाचं गाव होतं. झेनोफोन हा अथेन्सचा सेनानी आणि लेखक मायदेशातून हद्दपार असताना तिथे राहिला. पर्शियाच्या मोहिमेत सैन्याने मिळकतीचा दहावा हिस्सा अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्या भावंडांसाठी बाजूला काढला होता. त्यातला आर्टेमिसचा काही वाटा झेनोफोनकडे होता आणि तो त्याने इफिससच्या तिच्या देवळात पुजाऱ्याकडे ठेवला होता. पुढे तो पुजारी ऑलिम्पियाचे खेळ बघायला आला आणि त्याने ठेव जशीच्या तशी परत केली. त्या पैशातून झेनोफोनने देवीच्या नावे जमीन घेतली, छोटं देऊळ बांधलं आणि देवळाशेजारी एक दगडी खांब रोवला. खांबावर लिहिलं होतं ते असं: ही जागा आर्टेमिसची आहे. जो ही जमीन राखेल आणि तिचं उत्पन्न खाईल त्याने दरवर्षी दहावा हिस्सा देवीला द्यावा, उरलेल्यातून देऊळ नीट ठेवावं. हे कोणी केलं नाही, तर देवी बघून घेईल.

आजपासून सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा खांब. आपल्याकडच्या गावात कोणी म्हातारा माणूस जे वाक्य सहज बोलून जाईल, तेच त्यावर कोरलेलं. चंद्रावर पुन्हा माणूस पाठवण्याच्या अमेरिकी मोहिमेबद्दल काहीही वाचलं की मला हा खांब आठवतो. कारण त्या मोहिमेला नाव दिलंय आर्टेमिसचं, आणि त्या मोहिमेच्या कराराखाली २१ जून २०२३ रोजी भारताचीही सही झाली आहे.

नासाने हे नाव जाहीर केलं २०१९ मध्ये. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तो अपोलोच्या नावाने, तेव्हा या वेळी त्याच्या जुळ्या बहिणीच्या नावाने, आणि पहिली स्त्री चंद्रावर पाऊल ठेवणार म्हणून स्त्रीच्या नावाने. कल्पना सुंदर आहे आणि मला ती मनापासून आवडली. पण आर्टेमिसला फक्त ‘स्त्री’ आणि ‘चंद्र’ या दोन शब्दांत बसवलं की तिच्यातलं जे मोलाचं, तेच निसटतं.

मुळात आर्टेमिस चंद्राची देवी नव्हतीच. ग्रीकांची चंद्रदेवता सेलीने. होमरच्या काव्यांत आर्टेमिस दिसते ती रानात, हातात धनुष्य, बरोबर वनकन्या. चंद्र तिच्याकडे नंतर आला, आणि रोमन लोकांनी तिला आपल्या डायानाशी एकरूप केल्यावर ते नातं पक्कं झालं. तिचं खरं राज्य रानाचं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या कॅलिमॅकसने तिच्यावर स्तोत्र लिहिलं आहे. त्यात ती लहान मुलगी आहे. बाप झ्यूसच्या मांडीवर बसून मागण्या मागते: मला कायम कुमारी राहू दे, भावासारखं मलाही धनुष्य दे, सोबतीला नऊ नऊ वर्षांच्या साठ मुली दे, आणि सगळे डोंगर दे. नगर म्हणशील तर तुला वाटेल ते एखादं दे, कारण मी गावात क्वचितच उतरणार. प्रसूतीच्या कळांनी बाया हाका मारतील, तेवढ्यापुरती येईन.

मांडीवर बसलेल्या या मुलीने केवढी मोठी गोष्ट मागितली बघा. माणसाची वस्ती जिथे संपते, तिथून पुढचं सगळं. शेताच्या बांधापलीकडचं, नांगराखाली न आलेलं. आणि त्याच दमात, बाळंतिणीची खोली. जिथे माणसाचं काही चालत नाही, अशा दोन्ही जागा तिने स्वतःकडे ठेवल्या.

आता गंमत अशी, की ही रानाची राखणदार शिकारीचीही देवी आहे. आपल्या मनाला हे जरा खटकतं. राखायचं आणि मारायचं, दोन्ही एकीनेच कसं? पण ग्रीक शिकाऱ्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. रान तिचं, म्हणून रानातलं काही घ्यायचं तर तिच्या हुकमाने. याच झेनोफोनने शिकारीवर एक पुस्तक लिहिलंय. सशाच्या शिकारीबद्दल सांगताना तो लिहितो की अगदी लहान पिल्लं खरा शिकारी देवीसाठी सोडून देतो. एवढंच, एका ओळीत. शिकारीचा तो शिष्टाचारच आहे, त्याचं वेगळं कारण द्यायची त्याला गरज वाटत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन या ग्रीक लेखकाने झेनोफोनच्या या पुस्तकाला जोड म्हणून आपलं पुस्तक लिहिलं. त्यात युरोपातल्या केल्ट लोकांच्या शिकाऱ्यांची एक चाल नोंदली आहे. त्यांच्यातले काही जण देवीच्या नावे एक पेटी ठेवत. ससा मारला की पेटीत दोन ओबोल टाकायचे. कोल्हा मारला की एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल. हरिण मारलं की चार द्राख्मा. वर्षाने देवीच्या जन्मदिवशी पेटी उघडायची, जमलेल्या पैशातून बळीसाठी मेंढी, बकरी किंवा जमल्यास वासरू घ्यायचं, देवीला द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्या दिवशी शिकारी कुत्र्यांनाही फुलांच्या माळा घालत. पोळ्याला बैल सजवतो ना आपण, तसंच.

ही पेटी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सशाला दोन ओबोल. कोणी मोजायला बसलेलं नाही, रानात एकट्याने मारलेला ससा. तरी घरी येऊन माणूस पेटीत नाणी टाकतो, कारण ससा त्याने पाळलेला नव्हता, त्याला चारा घातलेला नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या तरी राज्यातून आणला होता.

आणि ज्यांनी हे मानलं नाही, त्यांच्या कथा तर ग्रीकांनी पिढ्यानपिढ्या सांगितल्या. ट्रॉयला निघालेला अ‍ॅगॅमेम्नॉन देवीच्या राखीव वनात हरिण मारतो आणि वर फुशारकी मारतो. ऑलिस बंदरात वारा पडतो, सगळं आरमार अडकून बसतं. अ‍ॅक्टिऑनची कथा दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत तो देवीला स्नान करताना चुकून बघतो, दुसरीत आपण तिच्याहून सरस शिकारी आहोत अशी बढाई मारतो. शेवट एकच. त्याचं हरिण होतं आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. या कथा क्रूर आहेत, हे मी झाकून ठेवणार नाही. अ‍ॅगॅमेम्नॉनच्या अपराधाची किंमत त्याच्या निरपराध मुलीकडून, इफिजिनियाकडून मागितली जाते. ऐन वेळी देवीने तिच्या जागी हरिण ठेवलं असं काही कथा सांगतात, तरी मागणी तर झालीच होती. अशा देवीची पूजा करा असं माझं म्हणणं नाही. तिच्या नावामागे एक हिशेब होता, तो मला महत्त्वाचा वाटतो: घेणारा मालक नसतो.

आता त्या करारांकडे वळतो. आर्टेमिस करार १३ ऑक्टोबर २०२० रोजी आठ देशांनी केले, आता सह्या करणारे देश पन्नासहून जास्त आहेत. भारत सत्ताविसावा. करारांत चांगलं बरंच आहे: संकटात एकमेकांच्या अंतराळवीरांना मदत, वैज्ञानिक माहिती खुली ठेवणं, पारदर्शकता. पण खनिजसंपत्तीच्या कलमात म्हटलंय की चंद्रावरून काही काढून घेणं म्हणजे मुळात त्या जागेवर देशाची मालकी सांगणं होत नाही. १९६७च्या अंतराळ करारात चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही असं स्पष्ट आहे. त्या बंदीला हात न लावता उपसा करण्याची वाट या कलमाने मोकळी केली. जमीन तुझी नाही, पण तिच्यातलं निघेल ते तुझं. अमेरिकेने २०१५ मध्ये तसा कायदा केला होता, पुढे लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपाननेही केला.

झेनोफोनच्या खांबावरही पहिली ओळ हीच होती. जागा देवीची, वापरणारा मालक नाही. पण त्या खांबावर पुढच्या दोन ओळी होत्या, दहाव्या हिश्शाची आणि देखभालीची. करारांत त्या दोन ओळी नाहीत.

२०२० साली नासाने चंद्राची माती विकत घ्यायचं ठरवलं. कंपनीने चंद्रावर जाऊन थोडी माती गोळा करायची, तिचा फोटो काढायचा आणि जागेवरच ती नासाच्या नावे करायची. माती पृथ्वीवर आणायचीही गरज नव्हती. एका कंपनीने बोली लावली एक डॉलरची, आणि ती मंजूर झाली. रक्कम किरकोळ आहे हे उघड आहे. हेतू होता पायंडा पाडण्याचा: चंद्रावरची माती विकता येते, तिला विक्रेता असतो आणि गिऱ्हाईक असतं. त्या डॉलरशेजारी मी केल्ट शिकाऱ्याचे दोन ओबोल ठेवून बघतो. शिकाऱ्याने नाणी टाकली ती जिच्याकडून ससा घेतला तिच्या पेटीत. हा डॉलर जातो माती उचलणाऱ्याच्या खिशात. ज्या चंद्रावरून माती उचलली, त्याच्या बाजूने व्यवहारात कोणीच उभं नाही. आणि मोहिमेचं नाव आर्टेमिस.

कोणी म्हणेल, चंद्रावर ससा नाही, हरिण नाही, गवताचं पातंसुद्धा नाही. मेलेल्या दगडाची राखण कसली? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, म्हणून चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर नेमकं काय आहे ते बघायला हवं. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला आहे. त्यामुळे ध्रुवाजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन पोचतच नाही, काही ठिकाणी अब्जावधी वर्षांपासून पोचलेलं नाही. तिथली थंडी उणे दोनशे अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. तिथे बर्फ साठलाय, आणि सूर्यमालेच्या आपल्या भागात पाणी कुठून, कधी आलं याची नोंद त्या बर्फाच्या थरांत असू शकते. एकदा फावडं लावलं की ती नोंद गेली. दुसरीकडे त्याच विवरांच्या कडांवर काही मोजक्या जागा अशा आहेत जिथे वर्षातला बहुतेक काळ ऊन असतं. सौरऊर्जेसाठी सगळ्यांना त्याच जागा हव्यात. शॅकल्टन विवर एकवीस किलोमीटर रुंद, त्याच्या काठावरच्या अशा जागा तर फार थोड्या. एवढा मोठा चंद्र, पण सगळ्यांची नजर मूठभर जमिनीवर. चंद्राच्या मागच्या बाजूचंही तेच. पृथ्वीवरचा रेडिओ गोंगाट तिथे पोचत नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतले क्षीण संदेश ऐकायला त्याच्याइतकी शांत जागा आपल्या आवाक्यात दुसरी नाही. तिथे यंत्रांची गर्दी झाली की ती शांतता गेली.

तेव्हा प्रश्न सजीव-निर्जीवाचा राहत नाही. या जागा एकदाच मिळाल्या आहेत, त्या पुन्हा भरून येणाऱ्या नाहीत. सशाची पिल्लं सोडून द्यायची ती पुढच्या वर्षी ससे असावेत म्हणून. चंद्राच्या अंधाऱ्या विवराला तर पुढचं वर्षही नाही.

आर्टेमिस करारांत जतनाचं कलम आहे, हे खरं. पण ते वाचताना मन खट्टू होतं. जतन करायचं ते माणसाने तिथे ठेवलेल्या वस्तूंचं: उतरण्याच्या ऐतिहासिक जागा, अंतराळयानं, पाऊलखुणा. आर्मस्ट्राँगच्या बुटाचा ठसा राखायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या जमिनीवर तो उमटला, तिच्यासाठी त्या कलमात एक शब्द नाही.

मला इथे लोणार आठवतं, आणि ते उगाच नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं आहे. पृथ्वीवर अशी ठिकाणं फार थोडी, आणि चंद्राची काळी मैदानंही बेसाल्टचीच, म्हणून चंद्राची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येत आले आहेत. मी गेलो होतो तेव्हा वर गोमुखाच्या धारेखाली बाया डोकं भिजवून घेत होत्या. तिथून पायवाटेने खाली उतरू लागलं की झाडी दाट होते, बोलण्याचे आवाज मागे पडतात, आणि तळाशी पोचल्यावर आधी नाकाला कळतं की पाणी आलं, तो खारट, कुजका वास. काठाजवळ कमळजादेवीचं देऊळ. काळ्या दगडाचं, बुटकं. ओट्यावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना विचारलं, इथलं लाकूड नेत नाही का कोणी? ते म्हणाले, ‘‘देवीचं हाय ते. कोन नेतंय?’’ आकाशातून पडलेल्या दगडाने केलेला खड्डा, आणि त्याच्या तळाशी राखण करणारी देवी.

लोणारमधून माणसाने काही घेतलंच नाही असं नाही. तिथल्या क्षारांचा, काच आणि साबणासाठी त्यांच्या उपयोगाचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. घेणं म्हणजे पाप असं मी मुळीच म्हणत नाही. पण घेता घेताच लोणार टिकलं, पुढे अभयारण्य झालं, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. आपल्या देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो. शेजारच्या रानातून सरपण आणायचं, देवराईतून नाही. सगळं बंद करणं आणि सगळं मोकळं सोडणं यांच्या मधली ही वाट आपल्या गावांनी शतकानुशतकं चालवली आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा त्या जुन्या दंडकांनी काय काय वाचवलं ते विज्ञानाच्या भाषेतही नोंदलं गेलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूने येतो. श्रीमंत देशांनी पृथ्वी ओरबाडून झाल्यावर आता आपली पाळी आली, तेव्हा नियम कशाला? आधी आपल्याला घेऊ द्या. या वाक्यातली चीड मला समजते. पण चंद्राच्या बाबतीत नियम नसणं हे ज्याच्याकडे मोठं रॉकेट त्याच्याच फायद्याचं आहे. आधी पोचेल तो काठावरची उन्हाची जागा धरेल, भोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखेल (करारांत तशी तरतूद आहेच), आणि मागून येणाऱ्याला वळसा घालावा लागेल. दहाव्या हिश्शाचा नियम मागून येणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त हवा.

आणि हे भारताने कधी केलंच नाही असंही नाही. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये समुद्रतळाचे धातुगोळे वर आणले. त्या कामाच्या बळावर १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी मिळालं, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यातलं अर्धं भारताने परत सोडलं. पंचाहत्तर हजार उरलं. खोल समुद्राचा तळ कोणा एका देशाचा नाही, तिथल्या संपत्तीत सगळ्यांचा वाटा आहे, ही अट मान्य करून आपण त्यात उतरलो. अंटार्क्टिकातही तेच. तिथे आपली केंद्रं आहेत, आणि १९९१च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामाला बंदी आहे. शास्त्रज्ञ तिथे काम करतात, फक्त फावडं लावायचं नाही.

शिवाय १९७९चा चंद्र करार. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, मंजुरी मात्र कधी दिली नाही. त्या करारातली एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. चंद्रावरच्या विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा आंतरराष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून ठरवण्याचा विचार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. चंद्रावरची देवराईच ती. कागदावर चार दशकांहून जास्त काळ पडून आहे.

हा मुद्दा मांडण्याचा अधिकार भारताइतका फार थोड्यांना आहे. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा आहेत हे २००९ मध्ये जगाला कळलं ते चांद्रयान-१ वरच्या उपकरणामुळे. उपकरण नासाचं, यान आपलं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात उतरलं, तिथवर त्याआधी कोणी उतरलं नव्हतं. ज्या पाण्यासाठी आता सगळी धावपळ चालली आहे, त्याची वाट दाखवणाऱ्यांत आपण पहिले होतो. वाट दाखवणाऱ्याने वाटेवरचे दंडकही सांगायचे असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळविषयक समितीत या संपत्तीच्या नियमांसाठी एक कार्यगट नेमला आहे, आणि त्याला २०२७ पर्यंत काम पूर्ण करायचं आहे. भारत त्या समितीचा सदस्य आहे. तिथे भारताने दोन मागण्या ठेवाव्यात असं मला वाटतं. पहिली: ध्रुवावरची काही निवडक अंधारी विवरं आणि मागच्या बाजूचा शांत पट्टा यांना यंत्र लावायच्या आधीच राखीव ठरवा, यादी शास्त्रज्ञांनी करावी. दुसरी: चंद्रावरून विकण्यासाठी जे काढलं जाईल, त्याचा ठरलेला हिस्सा एका सामाईक पेटीत जमा व्हावा, आणि त्यातून ज्या देशांकडे रॉकेट नाहीत त्यांच्या विद्यार्थ्यांचं शिक्षण आणि त्या राखीव जागांची देखरेख चालावी. आकडा दहावा असेल, विसावा असेल, वाटाघाटीत ठरेल. पेटी मात्र पहिली खेप निघायच्या आधी ठेवलेली हवी.

स्किलसला दरवर्षी देवीची जत्रा भरत असे, आणि झेनोफोनने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गावातले आणि आजूबाजूचे सगळे, बायका-पुरुष, येत. पीठ, भाकरी, वाइन, गोडधोड हे सगळं देवीच्या हिश्शातून. झेनोफोनची मुलं आणि गावातली इतर मुलं जत्रेसाठी शिकारीला जात, काही शिकार देवीच्याच रानातून येई, रानडुकरं, हरणं. देवळाभोवती फळझाडांची राई होती, कुरणं होती, आणि जत्रेला आलेल्यांच्या गाडीबैलांनाही तिथे पोटभर चारा मिळे.